बँकेला गरिबांच्या घरांत काय मिळतं?

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत व्हरमाँट राज्यात, बर्लिंग्टनजवळच्या एका चिप-कारखान्यात नोकरीला आहे. यंदा उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे राहून आलो. तिच्या घरासमोर चार मजली नवीकोरी इमारत आहे. लिफ्ट, सायकलींसाठी शेड, गच्चीवर सोलर, सगळं. मला वाटलं, बड्या लोकांची असेल. मुलगी म्हणाली, नाही, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी आहे, आणि तिच्यात जास्तीत जास्त पैसा एका बँकेचा आहे. मी सांगलीत सहकारी बँकेत नोकरी केली. बँक घरासाठी पैसे देते ते कर्ज म्हणून, एवढं मला कळतं. मुलगी म्हणते हे कर्ज नव्हे, ‘टॅक्स क्रेडिट’ आहे. हा काय प्रकार आहे? बँकेला त्यात काय मिळतं? आणि सरकारला गरिबांना मदत करायचीच आहे, तर बँकेला मध्ये घालण्यापेक्षा सरळ पैसे का देत नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या मुलीनं सांगितलं ते बरोबर आहे. अशा इमारतीत बँक सावकार म्हणून नव्हे, भागीदार म्हणून येते. कागदावर तर ती जवळजवळ पूर्ण मालकच असते, बहुतेक वेळा ९९.९९ टक्क्यांची. आणि तरी तिला भाड्यातला एक डॉलर नको असतो, पुढेमागे इमारत विकून नफाही नको असतो. तिला हवं असतं ते स्वतःच्या आयकराचं बिल कमी करणारं एक कागदी हत्यार.

आयकरात सूट दोन तऱ्हांनी मिळते, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. जुन्या पद्धतीनं कर भरणाऱ्यानं ८०सी खाली दीड लाख गुंतवले, तर ती रक्कम उत्पन्नातून वजा होते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे त्यातून पंचेचाळीस हजारांच्या आसपास वाचतात. ८७ए चा रिबेट मात्र थेट कराच्या रकमेतूनच जातो, रुपयाला रुपया. अमेरिकेतलं टॅक्स क्रेडिट हे दुसऱ्या जातीचं. बँकेकडे एक लाख डॉलरचं क्रेडिट असेल, तर तिचा कर एक लाख डॉलरनं कमी होतो.

घरांसाठीचं हे क्रेडिट आलं १९८६ साली, रेगन यांच्या कारकिर्दीत. तेव्हा करकायद्याची मोठी साफसफाई झाली. श्रीमंत लोक भाड्याच्या इमारतींत पैसे घालायचे, घसाऱ्याचे फुगीर आकडे दाखवायचे आणि कर वाचवायचे. त्या वाटा बुजवल्या गेल्या. पण त्याच वाटांनी गरिबांच्या इमारतींतही थोडाफार पैसा येत होता, तो आटणार हे उघड होतं. म्हणून त्याच कायद्यात कलम ४२ घातलं गेलं. सुरुवातीला ते तीन वर्षांपुरतं होतं, मग मुदती वाढत गेल्या आणि १९९३ साली ते कायम झालं. त्याखाली आजवर पस्तीस लाखांहून जास्त घरं उभी राहिली किंवा दुरुस्त झाली. आज तिथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी भाड्याची नवी इमारत दिसली, तर ती बहुतेक याच पैशावर उभी असते.

आता यंत्रणा कशी चालते ते पाहू. केंद्र सरकार दरवर्षी प्रत्येक राज्याला क्रेडिटचा कोटा देतं, लोकसंख्येच्या हिशेबानं. २०२४ साली तो माणशी २ डॉलर ९० सेंट होता. लहान राज्यांवर अन्याय नको म्हणून किमान रक्कम ठरलेली असते. त्या वर्षी ती ३३ लाख ६० हजार डॉलर होती. व्हरमाँटला हीच किमान रक्कम मिळते, कारण २०२० च्या जनगणनेत त्या अख्ख्या राज्याची लोकसंख्या ६ लाख ४३ हजार भरली. आणि बर्लिंग्टन हे तिथलं सगळ्यात मोठं शहर, तरी वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आत. म्हणजे आपल्या विट्याएवढं गाव, उन्नीस-बीस.

हा कोटा राज्याची गृहवित्त संस्था वाटते. व्हरमाँटमध्ये ती १९७४ सालापासून आहे. घरं बांधू इच्छिणाऱ्या संस्था तिच्याकडे अर्ज करतात आणि गुण देऊन निवड होते. किती गरीब कुटुंबांना घरं देणार, बसथांबा किती लांब आहे, बेघरांसाठी काही घरं राखून ठेवलीत का, घरं किती वर्षं स्वस्त राहतील, असे निकष असतात. चुरस मोठी असते. किती मोठी, ते एका कल्पित उदाहरणातून दिसेल.

समजा बर्लिंग्टनमध्ये चाळीस घरांची एक इमारत बांधायची आहे आणि एकूण खर्च १ कोटी ६० लाख डॉलर आहे. त्यातला जमिनीचा आणि इतर काही खर्च क्रेडिटसाठी धरत नाहीत. धरण्याजोगा खर्च १ कोटी ४० लाख म्हणू. चुरशीच्या प्रकारात दर साधारण नऊ टक्के असतो. म्हणजे वर्षाला १२ लाख ६० हजारांचं क्रेडिट, आणि असं सलग दहा वर्षं. एकूण १ कोटी २६ लाख डॉलर. राज्याचा २०२४ चा कोटा ३३ लाख ६० हजार. तेव्हा अशा तीन इमारतीही त्या वर्षाच्या कोट्यात बसत नव्हत्या! सगळ्या राज्यात मिळून. (चार टक्क्यांचा दुसरा एक प्रकार आहे, तो करमुक्त रोख्यांबरोबर येतो आणि त्याला या कोट्याची मर्यादा नाही. पण त्यातून पैसा कमी उभा राहतो. जुलै २०२५ च्या कायद्यानं तो प्रकार सोपा केला आणि नऊ टक्क्यांचा कोटाही १२ टक्क्यांनी वाढवला.)

पण घरं बांधणारी संस्था ना नफा तत्त्वावर चालते. तिला आयकरच नाही, तर क्रेडिट घेऊन ती करणार काय? आणि तिला पैसा लागतो आज, सिमेंटवाल्याला द्यायला. क्रेडिट येणार दहा वर्षांत थोडंथोडं. म्हणून ती ते विकते. सांगलीच्या पेठेत हळदीचे व्यापारी मुदतीची हुंडी मुदतीआधी वटवायचे आणि वटणावळ सोसायचे, त्यातलाच हा व्यवहार. दहा वर्षांच्या दहा हुंड्या बँक आजच घेते आणि डॉलरला पंच्याऐंशी सेंटच्या आसपास भाव देते. भाव वरखाली होतो, तूर्त पंच्याऐंशीच धरू. आपल्या इमारतीला बँकेकडून १ कोटी ७ लाख डॉलर रोख मिळाले. बँक दहा वर्षांत १ कोटी २६ लाखांचा कर वाचवणार, शिवाय घसाऱ्याचा फायदा वेगळा. बँकेला काय मिळतं, या तुमच्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर.

उरलेलं अर्धं उत्तर १९७७ च्या एका कायद्यात आहे. ज्या गावातून ठेवी गोळा करता, त्या गावातल्या गरीब वस्त्यांनाही पैसा पुरवा, असं तो कायदा बँकांना सांगतो, आणि बँकेनं ते किती केलं याची सरकारी तपासणी होऊन शेरा मिळतो. शेरा वाईट आला, तर नवी शाखा काढताना किंवा दुसरी बँक विकत घेताना अडतं. आपल्याकडच्या प्राधान्य क्षेत्राच्या उद्दिष्टांशी तुम्ही आयुष्यभर झगडला असाल, तेव्हा हा जाच तुम्हाला कळेल. क्रेडिट विकत घेतलं की कर वाचतो आणि शेराही सुधारतो.

आता भाडं कमी कसं होतं, ते पाहा. लोकांना वाटतं, सरकार दर महिन्याला भाड्यात भर घालत असेल. तसं नाही. हीच इमारत बाजाराच्या रीतीनं बांधली असती आणि खर्चाच्या ऐंशी टक्के कर्ज घेतलं असतं, तर साडेसहा टक्के व्याजानं तीस वर्षांचा हप्ता प्रत्येक घरामागे महिन्याला दोन हजार डॉलरच्या थोडा वर गेला असता. नुसता हप्ता; दुरुस्ती, विमा, पालिकेचा कर हे सगळं वेगळं. क्रेडिटच्या इमारतीत बँकेचे १ कोटी ७ लाख आले, राज्याच्या घरबांधणी निधीतून आणि केंद्राच्या इतर मदतीतून आणखी ३३ लाखांच्या आसपास आले, की कर्ज राहतं २० लाखांचं. हप्ता घरामागे साधारण ३१६ डॉलर. समोरच्या इमारतीतलं भाडं कमी आहे ते यामुळे. तिच्या भिंतीत स्वस्त विटा नाहीत, तिच्यावर कर्ज कमी आहे.

बँकेची भागीदारी भाडेकरूंच्या आणखी एका कामी येते. क्रेडिट दहा वर्षांत मिळून जातं, पण अटी पंधरा वर्षं पाळाव्या लागतात. मध्येच भाडं मर्यादेपलीकडे वाढवलं, उत्पन्न न तपासता कुणाला घर दिलं, इमारत पडीक झाली, तर आयकर खातं दिलेल्या क्रेडिटचा काही भाग व्याजासकट वसूल करतं, आणि तो जातो बँकेच्या खिशातून. त्यामुळे बँकेची माणसं दरवर्षी कागद तपासतात, इमारतीत फिरून नळ सोडून बघतात. हे राखणीचं काम सरकारनं फुकटात करून घेतलंय म्हणा ना. कारण सरकारची स्वतःची देखरेख यथातथाच. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं २०१५ साली दाखवून दिलं, की १९८६ पासून तोवर आयकर खात्यानं क्रेडिट वाटणाऱ्या ५६ संस्थांपैकी फक्त सातांची तपासणी केली होती.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र या सगळ्या योजनेच्या वर्मावर बोट ठेवतो. सरकार सरळ पैसे का देत नाही? आपल्या उदाहरणात सरकारनं १ कोटी २६ लाखांचा कर सोडला आणि इमारतीला पोचले १ कोटी ७ लाख. मधले १९ लाख म्हणजे बँकेचा मोबदला. त्याशिवाय दोन्हीकडचे वकील, हिशेबनीस, क्रेडिट गोळा करून बँकांना विकणारे दलाल, यांचा खर्च. एका इमारतीसाठी पाचसहा ठिकाणचा पैसा जुळवायचा, तर प्रत्येकाचे करारनामे निराळे. घर महाग पडण्याचं हे एकमेव कारण नाही, पण एक आहे.

आणि सरळ पैसे देता येतात, हे एकदा सिद्धही झालंय. २००८ सालापर्यंत क्रेडिटचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते फॅनी मे आणि फ्रेडी मॅक हे गृहकर्जातले दोन प्रचंड उद्योग. त्या वर्षी दोघंही बुडायला आले, बँकांनाही तोटे झाले. ज्याला नफाच नाही त्याला कर नाही, आणि ज्याला कर नाही त्याला क्रेडिट कशाला हवं? बाजार कोसळला, मंजूर झालेल्या इमारती अडकल्या. म्हणजे मंदीत, जेव्हा लोकांना स्वस्त घरांची जास्तीत जास्त गरज होती, नेमका तेव्हाच पैसा आटला. २००९ साली सरकारनं राज्यांना मुभा दिली, की क्रेडिट आमच्याकडे परत करा आणि डॉलरमागे ८५ सेंट रोख घ्या. राज्यांनी घेतले, इमारती पुऱ्या झाल्या. बाजार सावरल्यावर ही खिडकी बंद झाली. २०१७ च्या शेवटी पुन्हा धक्का बसला: कंपन्यांच्या नफ्यावरचा कर ३५ टक्क्यांवरून २१ वर आणण्याचा कायदा झाला. त्या कायद्यात घरांचं नावही नव्हतं म्हटलं तरी चालेल, पण कराचं ओझं उतरताच बँकांची भूक कमी झाली, भाव पडला आणि ठिकठिकाणच्या गृहप्रकल्पांच्या ताळेबंदात भगदाडं पडली.

तरीही ही वाट टिकली, कारण माझ्या मते राजकीय आहे. रोख अनुदान दरवर्षी अर्थसंकल्पात मंजूर करून घ्यावं लागतं आणि दरवर्षी कुणीतरी त्यावर कात्री घेऊन बसतो. सोडलेला कर कुणाच्या डोळ्यांत येत नाही. या योजनेपायी वर्षाला दहा अब्ज डॉलरहून जास्त महसूल बुडतो, पण तो खर्चाच्या रकान्यात दिसत नाही. त्यातून बँका, बिल्डर, वकील, धर्मादाय संस्था, दोन्ही पक्षांचे खासदार असे सगळेच या योजनेचे हितचिंतक बनले. गरिबांसाठीची योजना तगायची असेल तर तिच्यात चार श्रीमंतांचं भलं गुंतलेलं असावं लागतं, ही गोष्ट मला आवडत नाही, पण चाळीस वर्षांचा अनुभव तोच आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. या घरांत सगळ्यात गरीब माणूस आपोआप येऊ शकत नाही. भाड्याची कमाल मर्यादा भाडेकरूच्या पगारावर ठरत नाही, त्या भागातल्या मध्यम उत्पन्नावर ठरते. हिशेबाला सोपं म्हणून समजा, तिथे चौघांच्या कुटुंबाचं मध्यम उत्पन्न एक लाख डॉलर आहे. दोन बेडरूमच्या घरात कायदा तीन माणसं धरतो, दर बेडरूमला दीड माणूस. (अर्धा माणूस कोणता, हे विचारू नये.) तिघांसाठी साठ टक्क्यांची मर्यादा येते ५४ हजार डॉलर, तिचे तीस टक्के म्हणजे वर्षाला १६,२००, महिन्याला १,३५० डॉलर, वीज आणि घर तापवण्याचा खर्च धरून. ज्याची कमाई ५४ हजार आहे, त्याला हे बरोबर तीस टक्के पडतं. पण २७ हजार कमावणाऱ्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईलाही भाडं तेच, १,३५०! तिच्या मिळकतीचे साठ टक्के. म्हणून तिला केंद्राचं भाड्याचं व्हाउचरही लागतं, १९७४ च्या कायद्यातलं. व्हाउचर आहे एवढ्यावरून घर नाकारायला क्रेडिटच्या इमारतींना बंदी आहे. पण व्हाउचर मिळण्याचीच रांग लांब असते.

आणि दुसरी गोष्ट मुदतीची. पंधरा वर्षं झाली, की बँकेचं काम संपतं, तिला बाहेर पडायचं असतं. १९९० पासूनच्या इमारतींना अटींची आणखी पंधरा वर्षं लागू झाली, म्हणजे एकूण तीस. पण त्यातही एक फट आहे: चौदाव्या वर्षानंतर मालक राज्याला म्हणू शकतो, ठरावीक सूत्रानं येणाऱ्या किमतीला गिऱ्हाईक आणा. वर्षभरात राज्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, तर बंधनं सुटतात; बसलेल्या भाडेकरूंना फक्त तीन वर्षांचं संरक्षण. कित्येक राज्यांत या फटीतून हजारो घरं निसटली.

व्हरमाँटमध्ये ही फट जवळपास बुजलेली आहे, आणि त्यामागे बर्लिंग्टनला लागलेली एक ठेच आहे. शहराच्या उत्तर टोकाला नॉर्थगेट नावाची ३३६ घरांची वसाहत आहे. ती केंद्राच्या जुन्या, साठच्या दशकातल्या योजनेतली: मालकाला सोयीचं कर्ज, बदल्यात भाडं कमी. मेख अशी, की वीस वर्षांनी मालक कर्ज फेडून मोकळा होऊ शकत होता. १९८० च्या दशकात ती घटका भरत आली आणि तिथे महागडे फ्लॅट करण्याचा बेत ऐकू येऊ लागला. तेव्हा महापौर होते बर्नी सँडर्स, १९८१ साली अवघ्या दहा मतांनी निवडून आलेले. त्यांनी मालकाविरुद्ध ठाम भूमिका घेतली, शहर-राज्य-केंद्र असा पैसा गोळा झाला आणि वसाहत रहिवाशांच्या बाजूनं राखली गेली. पण सगळ्यांना कळून चुकलं, की मुदतीचं स्वस्त घर म्हणजे पुढच्या पिढीच्या गळ्यात बांधलेलं भांडण. १९८७ साली राज्यानं घरं आणि शेतजमीन राखण्यासाठी एक मंडळ आणि निधी उभा केला, तोच ज्याचा मी वर उल्लेख केला. त्याची अट आहे: आमचा पैसा घ्याल, तर घर कायम परवडणारं राहिलं पाहिजे. तीस वर्षं नाहीत, कायम.

कायमचं राखणार कोण? त्यासाठी १९८४ सालीच शहरानं दोन लाख डॉलर देऊन एक भूविश्वस्त संस्था काढली होती. जमीन संस्थेच्या नावावर राहते, ती कधी विकायची नाही. घर तेवढं लोकांचं. २००६ साली तिचं दुसऱ्या एका संस्थेशी एकत्रीकरण होऊन शॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट बनला. आज त्याच्याकडे दोन हजारांहून अधिक भाड्याची घरं आहेत, त्यातली पुष्कळशी क्रेडिटच्या पैशावर उभी राहिलेली. २००८ साली ट्रस्टला वर्ल्ड हॅबिटॅट पुरस्कार मिळाला. बँक पंधराव्या वर्षी बाहेर पडते, तेव्हा इमारत घ्यायला ही असली संस्था उभी असते, आणि कायद्यानं ना नफा संस्थेला पहिला हक्क मिळू शकतो, जवळपास उरलेलं कर्ज आणि कर एवढ्याच किमतीत.

या भूविश्वस्त कल्पनेचा एक धागा थेट आपल्या पेण तालुक्यातल्या गागोदे गावापर्यंत, विनोबांच्या जन्मगावापर्यंत येतो. १९६९ साली जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ नावाचा पहिला भूविश्वस्त प्रयोग झाला. त्यामागे विचार होता रॉबर्ट स्वान आणि राल्फ बोर्सोदी यांचा, आणि या दोघांसमोर विनोबांच्या ग्रामदानाचा नमुना होता: जमीन गावाची, कसणं माणसाचं. आपल्याकडे ग्रामदानाचं पुढे काय झालं, ते सर्वांना ठाऊक आहे. तुमच्या मुलीच्या गावात मात्र त्या विचाराच्या नातवंडाकडे भाडेकरू दर महिन्याला भाडं भरतात.

प्रश्न : आपल्याकडे बिल्डरांना परवडणाऱ्या घरांवर आयकर माफ होता, तो हाच प्रकार ना?
– एक बांधकाम ठेकेदार, इचलकरंजी

उत्तर : नाही. तुम्ही ८०-आयबीए कलमाबद्दल म्हणताय. १ जून २०१६ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या प्रकल्पांच्या नफ्यावर त्यात पूर्ण वजावट होती. घराचं क्षेत्रफळ आणि नंतर ४५ लाखांची किंमत-मर्यादा अशा अटी होत्या. पण घर मुख्यतः विकायचं होतं, भाड्यानं द्यायचं नव्हतं, आणि घेणाऱ्याचं उत्पन्न किती हे त्या कलमात कुणी विचारत नव्हतं. घर एकदा विकलं की सवलतीचं काम संपलं. उद्या तो फ्लॅट दुप्पट भावानं गेला तरी हरकत नाही. शिवाय वजावट नफ्यावर होती, म्हणजे नफा झाला तर फायदा. अमेरिकेत क्रेडिट बांधकामाच्या खर्चावर मिळतं, ते इमारत उभी राहायलाच मदत करतं.

आपल्या लहान शहरांची अडचण आणखी निराळी आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर वीस टक्के घरं अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची, हा महाराष्ट्राचा नियम दहा लाखांवर वस्तीच्या महापालिकांसाठी आहे. सांगली-मिरज-कुपवाड २०११ च्या जनगणनेत पाच लाखांचं, इचलकरंजी त्याहून लहान. बर्लिंग्टननं पंचेचाळीस हजारांच्या आतल्या वस्तीत १९९० सालीच असा नियम केला, तोही पाच घरांपासून पुढच्या प्रत्येक प्रकल्पाला. भाड्याच्या घरांसाठी आपल्या केंद्र सरकारनं २०२० साली योजना आणली होती, सरकारी रिकामी घरं पंचवीस वर्षांसाठी संस्थांना चालवायला द्यायची. यंत्रमागावर बिहार-ओडिशातून येणारा कामगार इचलकरंजीत कुठे राहतो, ते तुम्ही जाणताच; त्याला विकत घर नको, महिन्याच्या भाड्यानं कोरडी खोली हवी आहे. आपली जवळपास सगळी धोरणं अजून विक्रीच्याच भाषेत लिहिली जातात.

प्रश्न : अशी इमारत आली की शेजारच्या घरांचे भाव पडतात, असं तिकडे राहणारे आमचे नातेवाईक सांगतात. खरं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ते राहतात कुठे, यावर अवलंबून आहे. स्टॅनफर्डच्या रिबेका डायमंड आणि टिम मॅक्वेड यांनी देशभरच्या अशा इमारतींचा अभ्यास करून २०१९ साली तो प्रसिद्ध केला. गरीब वस्तीत नवी इमारत आली, तर अगदी जवळच्या घरांचे भाव साडेसहा टक्क्यांनी वाढले. पडक्या जागी नीटनेटकी इमारत आली की वस्तीच सुधारते. श्रीमंत आणि मुख्यतः गोऱ्या वस्तीत मात्र भाव अडीच टक्क्यांच्या आसपास उतरले. नातेवाइकांचा अनुभव खोटा नसावा. फक्त ते कोणत्या वस्तीत राहतात, हेही त्यातून कळतं.

प्रश्न : मी यंदा व्हरमाँट विद्यापीठात एमएस करायला चाललो आहे. उत्पन्न शून्य. मला अशा इमारतीत घर मिळेल का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : एकट्याला किंवा मित्रांबरोबर, नाही. घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील, तर या योजनेतलं घर देता येत नाही. नाहीतर बर्लिंग्टनसारख्या विद्यापीठाच्या गावात ही सगळी घरं श्रीमंत बापांच्या ‘शून्य उत्पन्न’वाल्या मुलांनीच भरली असती. मोजके अपवाद आहेत: लग्न झालेलं जोडपं एकत्र विवरणपत्र भरत असेल, मुलांसह एकटा पालक असेल, वगैरे. परदेशी विद्यार्थ्याचं विवरणपत्र वेगळ्या नियमांनी चालतं, त्यामुळे लग्न झालं असलं तरी अर्ज करण्यापूर्वी इमारतीच्या कार्यालयात विचारून घ्या. पुढे नोकरी लागली आणि पगार मर्यादेत असला, तर जरूर अर्ज करा. रांग असते, नाव आधी घालणं बरं. आणि घर मिळाल्यावर पगार वाढला तर बाहेर काढतील, ही भीती नको. उत्पन्न मर्यादेच्या १४० टक्क्यांपलीकडे गेलं, तरी तुम्ही राहू शकता. त्याच इमारतीत तेवढंच किंवा त्याहून लहान घर पुढे रिकामं झालं, तर ते मालकानं कमी उत्पन्नाच्या माणसाला द्यायचं असतं.